दोन हातांत एक विडा

फार पूर्वी उंच डोंगरांच्या बेचक्यात एक गाव होतं. त्या गावातल्या माणसांना नदीच्या आवाजाशिवाय झोप येत नसे. जन्मल्यापासून तोच आवाज कानात, त्यामुळे तो आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात नसे.

एका सकाळी तो थांबला.

सडा घालणाऱ्या बायांचे हात तसेच राहिले. कुत्री भुंकायची सोडून ओट्याखाली शिरली. माणसं धावत नदीवर गेली, तर पात्रात नदीच नव्हती. ओले दगड होते आणि डबक्यांत मासे तडफडत होते. काहींनी हरखून मासे टोपल्यांत भरायला घेतले. गावात विहिरी खणणारी एक बाई होती, ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "मासे कसले वेचताय रे! नदी कुठे गेली ते बघा आधी."

नदी कुठे गेली नव्हती. गावाच्या वर अर्ध्या कोसावर डोंगराचा अख्खा कडा कोसळून पात्रात आडवा पडला होता. माती, मुरूम, झाडं, दगड यांची उंच भिंत झाली होती आणि तिच्यामागे नदी साचत चालली होती. बाहेरच्या मुलखात जाणारी एकुलती एक वाट भिंतीपलीकडच्या घळीतून होती. ती घळ आता पाण्याखाली. गावाच्या खालच्या अंगाला नदी अशा कड्यावरून उडी घ्यायची की तिथून माकडही उतरत नसे. चार गडी तराफा बांधून पाण्यावरून निघाले. वरच्या कड्यांवरून अजून दगड सुटत होते. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने तराफा काठाला लागला. गडी आले नाहीत.

तेव्हा गावाला कळलं, की आपण उखळात बसलो आहोत आणि वर मुसळ टांगलेलं आहे.

गावचा कारभार पाटलीण बघत असे. नवरा गेल्यापासून तीच. तिने दरडीच्या भिंतीला लागून पाण्यात एक वेळू रोवला आणि त्यावर वितीवितीला खुणा केल्या. पाणी रोज एक वीत चढत होतं. माथ्यापर्यंत साठ विती उरल्या होत्या. मातीच्या बांधावरून पाणी एकदा वाहायला लागलं की बांध राहत नाही, हे शेत करणाऱ्याला शिकवावं लागत नाही. म्हणजे गावाच्या हातात साठ दिवस. रोज सकाळी दवंडीवाला उरलेल्या विती ओरडून सांगायचा. "साठ हो ऽऽ!" दुसऱ्या दिवशी "एकोणसाठ!" आणि जात्यावरच्या बायका खुंटा धरून तशाच थांबायच्या.

आता या गावाची एक चाल होती. मोठं काम निघालं की देवळाच्या मंडपात तबकात विडा ठेवायचा. जो कारागीर तो उचलेल, त्याचं काम. मग गावाने त्याच्यापुढे मान तुकवायची, आणि त्याने हात टेकेपर्यंत दुसऱ्या कुणी त्या कामाला बोट लावायचं नाही. चाल काही वेडेपणाची नव्हती. कधीकाळी दोन गवंड्यांनी मिळून एक भिंत बांधली होती, ती दोघांच्या भांडणात बरोबर मधोमध फाटली. तेव्हापासून एक काम, एक विडा, एक हात. देऊळ असंच झालं, तळं असंच झालं, गावाची वेससुद्धा अशीच. पण देऊळ बांधताना दगड डोळ्यांसमोर असतो. इथे डोंगराच्या पोटात शिरायचं होतं, आणि डोंगराचं पोट कुणी बघितलं होतं?

मंडपात अख्खं गाव जमलं. पाटलिणीने तबकात विडा ठेवला.

गावचा पाथरवट पुढे आला. नामांकित माणूस. त्याच्या हातचा नंदी बघायला लांबून लोक यायचे. तो म्हणाला, "पाणी साचलंय त्याच्या डाव्या अंगाला डोंगराची सोंड आहे. सोंडेपलीकडे ओसाड दरी. तिथे घर नाही की दार नाही, बाहेर पडायला वाटही नाही. मी दरीच्या बाजूने बोगदा मारतो. दोनशे हात. रोजचे चार हात म्हटले तरी पन्नास दिवसांत पाणी दरीत सोडतो. काळा पाषाण आहे, एकसारखा. मी टिचकी मारून बघितलाय."

लोकांच्या जिवात जीव आला. पाथरवटाने हात पुढे केला, एवढ्यात मागून आवाज आला.

"थांब जरा."

विहीरवाली बाई होती. पदर खोचलेला, पायाला माती.

"सोंडेच्या माथ्यावर एक खिंड आहे," ती म्हणाली. "लाल मुरूम. तिथून उघडा चर खणता येईल. लांबी जास्ती आहे, आठशे हात. दिवसही जास्ती लागतील. कदाचित साठ पुरायचेसुद्धा नाहीत."

"मग सांगतेस कशाला?" पाथरवट हसला. लोकही हसले.

"कारण मला माझ्या चराची खात्री नाही, आणि तुझ्या बोगद्याचीही नाही. म्हणून म्हणते, दोन्ही धरा."

"बाई, डोंगर फसवत नाही. फसवतो तो माणूस."

"माझा नवरा असंच म्हणायचा," विहीरवाली म्हणाली. "विहिरीत उतरताना म्हणाला, खाली पक्का पाषाण आहे. होताच. पाषाणाखाली काय होतं, ते मात्र सांगायला वर आला नाही."

मंडपात कुणी हसलं नाही.

पाथरवटाचा चेहरा लाल झाला. "पाटलीणबाई, दुसरा विडा ठेवायचा असेल तर मी या विड्याला हात लावत नाही. गावाचा विश्वास अर्धा, तर माझा हातोडाही अर्धा. आणि माणसं किती आहेत गावात? तीनशे. ती वाटलीत तर ना इकडचं होणार, ना तिकडचं."

सगळ्यांना ते पटलं. पाटलीण मात्र दोन्हीकडचा हिशोब करत होती. हा माणूस रुसून बसला तर बोगदा गेला. त्याचंच ऐकलं आणि डोंगराने दगा दिला, तर गाव गेलं. तिने एक साधा प्रश्न विचारला.

"बोगद्यात अगदी आत, दगडाशी एका वेळी किती जण छिन्नी चालवतात?"

"सहा," पाथरवट म्हणाला. "जास्ती मावत नाहीत."

"आणि मागे दगड वाहायला?"

"पाळ्या धरून साठ-सत्तर."

"मग उरलेल्या सव्वादोनशे माणसांनी काय करायचं? बोगद्याबाहेर बसून तुझी आरती म्हणायची?"

पाटलिणीने तबकातला विडा उचलला आणि सगळ्यांदेखत मधोमध फाडला. काथ, सुपारी तिच्या बोटांतून खाली सांडली.

"अपशकुन!" गुरव ओरडला. "पाटलीणबाई, विडा फाडलात?"

"गुरवबुवा, अपशकुन तिकडे भिंतीमागे साचतोय," ती म्हणाली. "विडा एकच आहे. चाल मोडलेली नाही. हात दोन आहेत, एवढंच. दर तिसऱ्या दिवशी दोघांनी इथे यायचं आणि आत काय सापडलं ते सांगायचं. चांगलं सांगायचं, वाईट तर आधी सांगायचं. ज्या दिवशी एक वाट नक्की होईल त्या दिवशी दुसरीवरची सगळी माणसं तिकडे जातील. ज्याची वाट बंद होईल त्याला या गावात कुणी हरलेला म्हणणार नाही. म्हणेल त्याची जीभ आणि माझी काठी."

विहीरवालीने आपला अर्धा विडा तिथेच तोंडात टाकला. पाथरवटाने आपला घेतला, पण खाल्ला नाही. मुंडाशात खोचला आणि मागे न बघता निघून गेला.

कामं सुरू झाली. सोंडेच्या पोटात छिन्न्या, सोंडेच्या माथ्यावर कुदळी. पहिले वीस-पंचवीस दिवस दोन्ही बरी चालली. गावात मात्र जगणं असं उरलं नव्हतं. माणसं हळू बोलायची. पोरांना कुणी मोठ्याने रडू देईना, जणू त्या आवाजानेही भिंत हलेल. दरडीच्या पायथ्याशी बोटाएवढी एक पाण्याची धार सुटली होती. विहीरवाली रोज जाऊन ती धार ओंजळीत घ्यायची आणि उन्हात धरायची.

"काय बघतेस गं?" बाया विचारत.

"नितळ आहे. नितळ आहे तोवर नुसतं पाझरतंय. गढूळ झाली की समजा, भिंत आतून खाल्ली जातेय."

त्या दिवसापासून सगळं गाव त्या धारेला भ्यायला लागलं.

पस्तीस विती उरल्या होत्या त्या दिवशी विहीरवाली मंडपात आली ती खाली मान घालूनच. "मुरूम संपला," तिने सांगितलं. "खाली काळ्या दगडाचं ताट लागलंय. साठ हात रुंद. माझी माणसं मातीतली, त्या दगडावर कुदळ नुसती ठिणग्या काढते."

मग काय विचारता! जो तो उठून बोलायला लागला. "आम्ही म्हणतच होतो!" "बंद करा तो चर!" "माणसं बोगद्याकडे द्या!" पाथरवट शंभर हात आत गेला होता. तो मिशीत हसला आणि म्हणाला, "विहिरी खणाव्यात तिने. डोंगराच्या नादी कशाला लागावं?"

विहीरवाली म्हणाली, "तुझी चार छिन्नीवाली माणसं दे मला. माझ्या माणसांना दगड फोडायला शिकव."

"माझ्याकडे फुकटची माणसं नाहीत."

सगळ्यांचे डोळे पाटलिणीकडे लागले. चर बंद केला तर गाव तिला शहाणी म्हणणार होतं. चालू ठेवला आणि तो फसला, तर हट्टी बाई म्हणून तिच्या नावाने बोटं मोडणार होतं. अर्थात बोटं मोडायला कुणी उरलं असतं तर.

तिने पुन्हा विचारलं, "दगडाशी किती मावतात?"

"सहा," पाथरवट कुरकुरत म्हणाला.

"तेव्हाही सहाच होते. चर चालू राहील. ताटाच्या कडेने जेवढं खणता येईल तेवढं खणा."

त्या दिवशी गावातल्या निम्म्या लोकांनी पाटलिणीशी बोलणं टाकलं.

आता बोगद्यात काय चाललं होतं ते ऐका. पाथरवटाचा धाकटा भाऊ अगदी आत, दगडाशी काम करायचा. दोन लेकरांचा बाप, शांत गडी. सत्तावीस विती उरल्या असताना त्याने भिंतीला हात लावला आणि हात वास घ्यायला नाकाजवळ नेला.

"दादा, दगड घामेजलाय."

"दिवसभर सहा माणसं श्वास टाकतात इथे. घामेजणारच."

"दादा, हा आपला घाम नाही. शेवाळाचा वास येतोय. आणि हे बघ." त्याने बोटाने खरवडलं, तर काळा पाषाण ओल्या गुळासारखा निघाला. पाषाणाच्या पोटात कुजक्या दगडाची एक शीर होती, पसरलेल्या दोन हातांएवढी रुंद, तिरकी वर चढत गेलेली.

पाथरवटाने ती बघितली. त्याला कळलं. कसबी माणूस होता, कळणार नाही असं कसं होईल? पण दुसऱ्याच दिवशी मंडपात जायचं होतं. तिथे विहीरवाली बसलेली असणार होती, आणि जे लोक तिला हसले होते तेही.

"हातोडा चालव," तो भावाला म्हणाला. "शिरेपलीकडे पुन्हा पक्का दगड लागेल."

मंडपात विहीरवालीने आपलं सगळं रडगाणं सांगितलं. मग पाटलिणीने पाथरवटाकडे बघितलं. तो म्हणाला, "ठीक चाललंय."

दोनच शब्द. साठ दिवसांत गावात बोललेलं हे एकच खोटं.

चोवीस विती उरल्या होत्या. ऐन दुपारी, भाकरीच्या वेळेला, सोंडेच्या पोटातून उसासा टाकल्यासारखा आवाज आला. चरावरच्या माणसांच्या पायांखालची जमीन थरथरली. बोगद्याच्या तोंडातून आधी वारा आला, मग धूळ, मग चिखल, मग ओरडणारी माणसं. सहा जण आत होते. पाच आले. सहावा आला नाही. मागून आलेल्या चिखलाने बोगदा असा गच्च भरला की पाण्याला बाहेर यायला जागा उरली नाही, आणि त्यालाही.

पाथरवट तोंडाशी उभा राहून भावाला हाका मारत राहिला. आतून उत्तर आलं नाही. दवंडीवाल्याने दुसऱ्या दिवशी "तेवीस" म्हटलं तेव्हा त्याचा आवाज इतका लहान होता की वेशीवर ऐकूच गेला नाही.

त्याच दिवशी दरडीच्या पायथ्याची धार गढूळ झाली.

मंडपात आता कुणी भांडत नव्हतं. बाया लेकरांना पोटाशी धरून बसल्या होत्या. पाथरवट आला. मुंडासं हातात, त्यात वाळलेला अर्धा विडा. तो तबकात ठेवून म्हणाला, "मला त्या दिवशी सांगायचं होतं. दगड घामेजला होता. भावाने दाखवला होता. मी सांगितलं नाही. माझी मान खाली जाईल म्हणून भावाला आत ठेवला."

लोकांनी विहीरवालीकडे बघितलं. आता ही बाई बोलणार, आणि असं बोलणार की हा माणूस जन्मात डोकं वर काढणार नाही.

विहीरवाली उठून त्याच्यासमोर जाऊन बसली. "ती शीर," तिने विचारलं, "कुठल्या अंगाला चढत होती?"

पाथरवटाने डोळे वर केले. त्याला वाटलं, ही थट्टा करतेय. पण ती थट्टा करत नव्हती.

"डावीकडे," तो म्हणाला. "तिरकी, वर... वर खिंडीकडे." आणि बोलता बोलता तो थांबला.

"माझ्या ताटातून जात असेल," ती म्हणाली.

"जातच असणार. खाली ती पाण्यात भिजलेली आहे, म्हणून अंगावर आली. वर पाणी पोचलेलं नाही. वर ती कोरडी असेल."

"कोरडी कुजकी शीर म्हणजे कुदळीचं काम."

"कुदळीचं काम," पाथरवट म्हणाला, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याला रडू फुटलं.

ती दोघं तशीच उठून खिंडीत गेली. पाथरवटाने दगडाच्या ताटावर गुडघे टेकले, हातोडीने ठोकत, कान लावत तो डावीकडे सरकत गेला. ठण्. ठण्. ठण्. तीस हातांवर आवाज बदलला. बद्द.

चर तिथून वळवला. सगळी माणसं तिथे आली, बायाही आल्या. पाटलीण टोपली घेऊन रांगेत उभी राहिली. जिथे शीर अरुंद होती तिथे पाथरवटाच्या माणसांनी दगडात भोकं पाडून सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकल्या, त्यांवर पाणी घातलं, आणि फुगलेल्या लाकडाने दगड फाडला. कुणी कुणाला काम सांगत नव्हतं. खाली पायथ्याशी धार बोटाएवढीची मनगटाएवढी झाली, मग मांडीएवढी. भिंतीचा एक लचका सुटून पडला तेव्हा टोपल्यांची रांग थबकली. विहीरवाली ओरडली, "बघता काय! बघून थांबणार आहे का ती?" रांग पुन्हा चालू झाली.

पाथरवटाला एकच घोर होता. पाणी एकदम सुटलं तर सगळी खिंडच वाहून जाईल, आणि तिच्याबरोबर भिंतही. म्हणून चराच्या तोंडाशी त्याने घडीव दगडांचा उंबरा बसवला, थरावर थर. नंदी घडवणाऱ्या हातांनी. शेवटचे दोन दिवस तो जेवला नाही.

दवंडीवाल्याने "दोन" म्हटलं. त्या सकाळी विहीरवालीने पाणी अडवायला चराच्या तोंडाशी राखलेला मातीचा बंधारा फोडला.

पाणी आधी जिभेएवढं आलं. मग चर भरून चाललं. आठशे हात वाहत जाऊन पलीकडच्या ओसाड दरीत कोसळलं. माणसं मात्र तिकडे बघत नव्हती. ती वेळूकडे बघत होती. दुपारपर्यंत पाणी दोन वितींच्या खुणेवर होतं. संध्याकाळीही दोनवरच. दुसऱ्या सकाळी दवंडीवाला बराच वेळ वेळूकडे बघत उभा राहिला, मग ओरडला, "चार हो ऽऽ!" साठ दिवसांत पहिल्यांदा आकडा वाढला होता. आठवड्याने पायथ्याची धार पुन्हा नितळ झाली.

आणि गावाला आवाज ऐकू यायला लागला. नदीचाच, पण उलट्या अंगाने. पहिले काही दिवस त्या आवाजानेही लोकांना धडकी भरायची. मग झोप यायला लागली.

दर वर्षी गाव चर थोडा खोल करायचं आणि पाथरवट उंबऱ्याचा एक थर काढायचा, पाणी थोडं थोडं उतरायचं. पाचव्या वर्षी घळीतली वाट उघडी पडली. त्या वाटेने बाहेरचा एक वाटसरू आला. त्याला सगळी हकीकत सांगितली, तेव्हा तो बुजलेल्या बोगद्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे हे काम फुकटच गेलं म्हणायचं!"

विहीरवाली थकली होती, पण जीभ थकली नव्हती. "फुकट? तो बोगदा नसता तर शीर आम्हाला कुणी दाखवली असती? तुझ्या आज्याने? आणि एकटा बोगदाच असता तर तुला हे सांगायला कोण असतं इथे? फुकट काही गेलं असेल तर ते फक्त दोन शब्द. 'ठीक चाललंय.' त्यांची किंमत बघायची असेल तर ती दोन पोरं बघ, बाप नसलेली."

वाटसरू खाली मान घालून पुढे गेला.

त्या गावात अजूनही विडा ठेवतात. भिंत बांधायची असेल, घर शाकारायचं असेल, तर अख्खा. पण आत काय आहे ते दिसत नाही अशा कामाला हात घालायचा असेल, तर गावातली सगळ्यात मोठी बाई पुढे येते आणि विडा मधोमध फाडते. गुरव आता अपशकुन म्हणत नाही. पाथरवटाचा तो वाळलेला अर्धा विडा बोगद्याच्या तोंडाशी एका कोनाड्यात ठेवलेला आहे. कामाला निघालेला माणूस तिथे थांबतो, आणि आपल्याला काय काय ठाऊक नाही ते आधी मोठ्याने बोलून मगच पुढे जातो.

तात्पर्य: डोंगराच्या पोटात काय आहे हे ठाऊक नसेल, तर सगळं गाव एकाच वाटेवर उभं करू नका. दोन वाटा धरा, दोन्हींवर सापडलेलं वाईट आधी सांगा, आणि जी बंद होईल तिच्यावर शिकलेलं घेऊन दुसरीवर जा. बंद पडलेली वाट माणसं मारत नाही. माणसं मारतो तो 'ठीक चाललंय' म्हणणारा.